पाचवे सांगणे

बोरूची कोरडी करकर आणि तिच्या आजूबाजूला टप टप गळणाऱ्या लिंबोळ्या. आबा आठवले की आधी हे दोन आवाज येतात आणि मागून, उन्हातून सावलीत शिरणाऱ्या माणसासारखा, त्यांचा चेहरा येतो. देगलूरच्या तहसील कचेरीसमोर एक मोठा लिंब होता. त्याच्याखाली गोणपाट अंथरून, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी ठेवून आबा अर्ज लिहीत. सकाळी लिंबाची सावली एकीकडे असे, कलत्या उन्हात दुसरीकडे, आणि आबा गोणपाटासकट तिच्या मागोमाग सरकत. त्यांची बैठक बघून लोक वेळेचा अंदाज बांधत. लिहिणे थांबले की बोरू उजव्या कानावर जाई. त्या कानाच्या पाळीवर शाईचा निळसर डाग कायमचा बसला होता, नदीतल्या दगडावर पुराच्या पाण्याची रेघ बसते तसा.

ते अर्जनवीस होते. निजामी अमदानीत सरकारदरबारची भाषा उर्दू, आणि रयतेच्या तोंडी ती सोडून बाकी सगळ्या. ज्याला लिहिता येत नव्हते त्याचे गाऱ्हाणे ऐकायचे आणि ते दरबारी उर्दूत उतरवायचे, हे आबांचे काम. देगलूर म्हणजे तीन मुलखांच्या वाटा मिळणारे गाव. पागोट्याच्या वेढ्यावरून, लुगड्याच्या काठावरून आबा माणसाची बोली ओळखत आणि तो टेकण्याआधीच त्याला त्याच्या बोलीत म्हणत: सांगा. मराठी माणसाला ‘सांगा’, तेलंगणातून आलेल्याला ‘चेप्पंडी’, उदगीरकडच्या कानडी माणसाला ‘हेळ्री’, पोलिसातल्या शिपायाला ‘फरमाइए’. माणूस चार कोस चालून आलेला असे, तहसीलदाराच्या नुसत्या नावाने त्याची जीभ टाळूला चिकटलेली असे. पण आईच्या तोंडचा तो एक शब्द समोरून आला की त्याच्या खांद्यांवरचे काहीतरी उतरे आणि तो बोलू लागे. आबा डोळे मिटून ऐकत. डोळे उघडे असले की माणसाचे कपडे दिसतात, म्हणत, आणि मग दुःख नीट ऐकू येत नाही.

डोळे मिटून ऐकणाऱ्या या माणसाच्या घरी गोदी जन्मली, माझ्या पाठची, आणि तिला ऐकू येत नव्हते.

हे कळायला दोन वर्षे लागली. कचेरीचा तास वाजला की छपरावरची कबुतरे एकदम उडत. आमच्या ओट्यावर खेळणारी गोदीही मान वर करी, म्हणून सगळे निश्चिंत होते. एके दिवशी आबांच्या ध्यानात आले की ती तास वाजल्यावर वर बघत नाही, कबुतरे उडाल्यावर बघते. टोल आणि पंख यांच्यामध्ये जे एक निमिष असते, तेवढ्या फटीतून आबांना आपल्या मुलीचे सगळे आयुष्य दिसले. त्या दिवशी त्यांनी एकही अर्ज लिहिला नाही, असे आई सांगते.

मग माहूरगडाच्या पायऱ्या झाल्या, जिभेवर मध लावून झाला, हकिमाचे तेल झाले. मूल आपल्यासारखे नाही हे कळल्यावर आईबापांच्या मनात जे उठते त्याला लोक दुःख म्हणतात. मला वाटते ते दुःखाआधीचे काहीतरी असते, एक परकेपण. आपल्याच घरात दूरच्या मुलखातला कोणी उतरला आहे, त्याची बोली आपल्याला येत नाही आणि त्याला परत जायला दुसरे गाव नाही. अशा वेळी घरापुढे दोन वाटा असतात. पाहुण्याची बोली शिकायची, नाहीतर त्याला आपली बोलायला लावायची. आईने पहिली धरली, आबांनी दुसरी, आणि बारा वर्षे आमच्या एका घरात ही दोन राज्ये नांदली.

आईचे राज्य चुलीपाशी होते. चिमटीतून काही भुरभुरवले की मीठ. दोन आंगठे कपाळाशी नेले की म्हैस. पुस्तकाचे पान उलटावे तसा तळवा फिरवला की मी, कारण मी सदा काहीतरी वाचत असे. गोदीचे स्वतःचे नाव म्हणजे डाव्या गालावरच्या तिळावर टेकलेले बोट. आणि उजव्या कानावर बोट सरकवले, कानामागे बोरू खोचावा तसे, की आबा. ही बोली त्या दोघींनी फोडणी आणि भाकरी यांच्यामध्ये घडवली. चुलीच्या उजेडात त्यांच्या बोटांच्या सावल्या भिंतीवर पाखरांसारख्या उठत आणि बसत, आणि आत इतक्या गप्पा चालत की दूध उतू गेलेले दोघींच्या लक्षात येत नसे.

आबांचे राज्य ओट्यावर, उगवत्या उन्हात. चार भाषा पोटात असलेल्या माणसाला एकच गोष्ट पटत नव्हती, की भाषा तोंडावाचून असू शकते. हातवारे म्हणजे त्यांच्या लेखी नक्कल, जत्रेतल्या सोंगाड्याचे काम. गोदीचा तळवा ते आपल्या गळ्यावर धरत, सावकाश म्हणत, ‘गो-दा-व-री’, आणि तिला म्हणायला लावत. मग तिच्या दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या देत. हात गुंतले म्हणजे ते बोलणार नाहीत, आणि मग जीभ बोलेल, असा त्यांचा हिशोब. पाणी सांडले की पुन्हा पहिल्यापासून. ते कधी रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. प्रेमानेच, अगदी जीव तोडून, ते रोज सकाळी आपल्या लेकीची जीभ बांधून ठेवत होते.

“तिच्या हातात तो तांब्या देऊ नका,” आई म्हणे. “दिवसभर हात जड राहतात तिचे. माझ्याशीसुद्धा बोलत न्हाई मग.”

माझी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळे आबांवर ढकलल्यासारखे होईल. माझे मामा हैदराबादेहून येताना धोतराच्या निऱ्यांत निजामाविरुद्धची पत्रके लपवून आणत. ती वाचतच मी वाढलो. मातृभाषेतून शिक्षण मिळालेच पाहिजे. ज्याची भाषा हिरावली त्याचे माणूसपण हिरावले. ही वाक्ये मला पाठ होती, आणि नदीच्या वाळवंटात सवंगड्यांसमोर मी ती मुठी आवळून म्हणत असे. आणि त्याच दिवसांत, घरी कोणी आले की, गोदीचा उठलेला हात मी खाली दाबत असे. ती पत्रके उशाखाली घेऊन झोपणाऱ्या मला बारा वर्षांत एकदाही सुचले नाही की बंदी घातलेली एक मातृभाषा आमच्याच चुलीपाशी आहे, आणि तिच्या दारावरचा पहारेकरी मी आहे. पत्रकांनी मला अन्याय ओळखायला शिकवले. तो आपल्या हाताखाली असला तर कसा ओळखावा, हे त्यांत छापलेले नव्हते.

गोदीचे चौदावे सरले तेव्हा लातूरच्या एका घरातून विचारणा आली. आबांनी पत्र लिहिले. ते मी वाचले होते. काय अक्षर, काय भाषा. मुलीचा स्वभाव, हातचा स्वयंपाक, घराण्याची रीत, सगळे दोन पानांत मोत्यांसारखे ओवलेले. अर्जात काय लिहावे हे कोणालाही येते, काय लिहू नये हे कळते तोच अर्जनवीस, असे आबा मला शिकवत आले होते. आयुष्यभराचे ते कसब त्यांनी लेकीसाठी वापरले. त्या दोन पानांत एक ओळ मात्र नव्हती.

पाहुणे आले ते माघातल्या एका निवळ सकाळी. मुलाचे काका, लातूरला मास्तर असलेले. आणि मुलाची आत्या, मोठ्या हाडाची, मोकळ्या तोंडाची बाई. बैठकीत ऊन तिरपे येऊन जाजमावर पसरले होते. काय विचारतात हे सर्वांना ठाऊक असते: पहिला प्रश्न नावाचा. त्या एका प्रश्नासाठी गोदी बारा वर्षे तयार झाली होती. तिने पाटावर बसावे, फराळाचे तबक दोन्ही हातांत धरून ठेवावे, काकांच्या ओठांकडे बघावे, आणि ओठ हलून थांबले की नाव सांगावे, असे आबांनी ठरवून दिले होते. तबक म्हणजे दुसरा तांब्याच.

“नाव काय बाळ तुझं?” काका म्हणाले.

“गो-दा-व-री.” खोल विहिरीतून चार बादल्या एकेक करून ओढाव्यात तशी ती चार अक्षरे आली, पण आली. दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. आबांनी सुटकेने डोळे मिटून घेतले.

आत्याबाईंनी तबकातल्या चुरमुऱ्यांच्या सुशीलेचा बकाणा भरला होता. बाजूला बसून त्या म्हणाल्या, “सुशीला तूच केलीस का गं? मिरच्या लई सढळ हातानं टाकतीस की.”

गोदी काकांकडे बघत होती. सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे वळलेले तिला दिसले, म्हणजे काहीतरी विचारले गेले आहे हे तिला कळले. तिच्याजवळ उत्तर एकच होते. तिने ते पुन्हा दिले.

“गो-दा-व-री.”

मग आत्याबाई हसल्या. “भिलं बघा लेकरू. नाव विचारलं तरी नाव, मिरची विचारली तरी नाव.”

“लाजरी हाय,” काका म्हणाले. “बरंय की. आमच्याकडं बोलणाऱ्या लई हायत.” आत्याबाईंकडे बघून ते हसले, सगळेच हसले, आणि काकांनी पानाचा डबा पुढे ओढला. “मग अर्जनवीससाहेब, तिथीचं बघायचं का?”

एवढेच करायचे होते: हो म्हणायचे. वगळलेली ती ओळ कोणाला दिसली नव्हती. अर्ज मंजूर झाला होता.

आबांनी डोळे उघडले. मी त्यांच्यासमोरच होतो, म्हणून मला दिसले ते सांगतो. त्यांची नजर गोदीच्या चेहऱ्यावर गेली नाही, तिच्या हातांवर गेली. तबकाच्या कडेवर तिच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती, आणि तरी ती थांबत नव्हती. पितळेवर ती हलत होती, चाचपडत होती, काठाशी येऊन परतत होती. चार बोलींच्या माणसांचे ऐकून घेतलेल्या त्या माणसाला समोर कोणीतरी केव्हाचे सांगत बसले आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. ते उठले.

“पाव्हणं, थांबा. माझ्या पत्रात एक ओळ राहिली.”

“कसली ओळ?”

“पोरीला ऐकू येत नाही. जन्मापासनं.”

काकांचा हात पानाच्या डब्यावर तसाच राहिला. “राहिली,” ते हळू म्हणाले, “का ठेवली?”

“ठेवली,” आबा म्हणाले.

मग त्यांनी गोदीच्या हातांतले तबक काढून माझ्याकडे दिले. तिच्यासमोर ते उकिडवे बसले आणि हनुवटीपासून पुढे त्यांनी आपला उजवा तळवा उघडला, आई चुलीपाशी उघडत असे तसा, थोडा वाकडा, थोडा थरथरता. मी माझ्या आयुष्यात आबांना एवढ्या अडाण्यासारखे बोलताना पाहिले नव्हते. त्या तळव्याचा अर्थ होता: सांग.

गोदीने आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी हात दाबायला येतो की काय ते ती बघत होती. मग तिचे हात उठले. बंद खोलीची खिडकी उघडल्यावर उजेड जसा एकदम सगळीकडे असतो, तसे ते बैठकभर झाले. आई पदर सावरत दाराबाहेर आली आणि परक्या पुरुषांसमोर पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

“ती म्हणते, आत्याबाईंचं तोंड पोळलंय. मगाधरनं डोळ्यांत पाणी हाय त्यांच्या, कुणी बघून न्हाई राहिलं. पाणी द्या म्हणते. आन् म्हणते, त्यांनी काय विचारलं ते मला दिसलं न्हाई. परत विचारा.”

आत जाऊन गोदीनेच तांब्या आणला. तोच तांब्या. आत्याबाईंनी तो वरून तोंडात ओतला आणि अर्धा रिकामा करूनच खाली ठेवला. “खरंच पोळलं होतं बाई,” त्या म्हणाल्या. “इतक्या मानसांत एकीला दिसलं.”

काका मात्र उठले होते. “फसवून आमच्या गळ्यात बांधणार होता व्हय, साहेब?”

“हाव,” आबा म्हणाले. “बांधणार होतो.”

सोयरीक अर्थातच मोडली, आणि मोडली हे बरे झाले. काका मागे न बघता रस्त्याला लागले. आत्याबाई उंबऱ्यात थांबल्या, वळल्या, आपल्या ओठांना बोटे लावून त्यांनी गोदीकडे बघून हात जोडले. आमच्या घराबाहेरच्या माणसाने त्या बोलीत उच्चारलेला तो पहिला शब्द. आई तबक उचलता उचलता आबांना एवढेच म्हणाली, “साऱ्या तालुक्याचं डोळे मिटून ऐकलंत. आता घरात उघडे ठेवून बसा.”

आणि ते बसले. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावरची शाळा उलटी फिरली. उगवत्या उन्हात गोदी शिकवी आणि पन्नाशीला टेकलेले आबा शिकत. बोरूने आखडलेली त्यांची बोटे वळता वळत नसत. एकदा दूध उतू गेले असे सांगायला जाऊन म्हैस छपरावर चढली असे त्यांनी सांगितले, तेव्हा गोदी ओटा सोडून अंगणात पळाली आणि पोट धरून हसत राहिली. तिचे हसणे घोगरे, वेडेवाकडे, कुठल्याच सुरात न बसणारे होते. पूर्वी लोक आले की आम्ही तिला हसू देत नसू. आबा लिंबाखाली बसूनही सराव करत. कचेरीतले पेशकार जाता जाता म्हणत, “मुन्शीजी, माशा हाकून राहिलात का?” आणि आबा मान वर न करता म्हणत, “न्हाई साहेब, शिकून राहिलो.”

पुढच्या चैत्रात मलप्पा आला. सीमेकडच्या एका खेड्यातला, घोंगडीवाला, काटक माणूस. तीन बाजार तो कचेरीच्या पायरीशी येऊन उभा राही, हात हलवी, आणि शिपाई त्याला मुका म्हणून हुसकून देत. त्या दिवशी तो लिंबाखाली आला. आबांनी त्याच्या घोंगडीकडे पाहिले, तोंड उघडले आणि मिटले. चारांपैकी एकही शब्द इथे चालणार नव्हता. त्यांनी बोरू कानावर खोचला आणि हनुवटीपासून तळवा पुढे उघडला.

मलप्पा समोर बसला आणि हातांनी सांगू लागला.

त्याच्या आणि आबांच्या खुणा जुळेनात, म्हणून आबांनी मला घरी पिटाळले आणि मी गोदीला घेऊन आलो. भर कचेरीसमोर, गोणपाटावर, बापाशेजारी मुलगी बसली हे पाहून लोक जमले. तिच्या आणि त्याच्याही खुणा वेगळ्या होत्या; त्याच्या रानातल्या, तिच्या चुलीजवळच्या. पण तासाभरात दोघांनी मधे कुठेतरी एक पूल बांधला. दोन बैल. एकाचे शिंग मोडके. वेठीला धरून नेले. काम सरले, पण बैल गावच्या अंमलदाराने आपल्याच दावणीला ठेवले. गोदी बापाला सांगे आणि आबा डोळे सताड उघडे ठेवून उर्दूत लिहीत जात. शेवटी, मजकूर कोणाच्या तोंडचा ते लिहितात तिथे, त्यांनी दोन नावे लिहिली: मलप्पा, आणि गोदावरी. पुढे बऱ्याच खेपा झाल्या. मोडक्या शिंगाचा बैल परत आला. दुसरा आला नाही.

हे मी गोदी कशी उपयोगी पडली हे दाखवायला सांगत नाही. उपयोगी पडले तरच मूल आपले, असा हिशोब करणाऱ्या जगावर माझा राग आहे आणि तो राहील. एकदा तिने लोणच्याची बरणी फोडली, त्या दिवशीही ती आमचीच होती. तांब्याच्या त्या बारा वर्षांतही होती. मी हे आबांसाठी सांगतो. लेक आपल्यासारखी व्हावी म्हणून झुरणारा बाप, लेकीसारखा थोडासा आपणच होऊन, हलका झालेला मी पाहिला. सवंगड्यांसमोर आवळलेली माझी मूठही त्यानंतर जराशी उघडली. उघड्या हाताने जास्त बोलता येते.

मलप्पाने पुढे भोकरकडच्या आपल्या नात्यातली एक लहानगी आणली, तिलाही ऐकू येत नव्हते. मग कोणी कोणाला सांगितले कोण जाणे. बाजारच्या दिवशी आमच्या ओट्यावर पाचसहा माणसे जमू लागली, लेकुरवाळ्या बाया आपली मुले घेऊन येऊ लागल्या. आजही येतात. सगळ्या गावाचा गलका पाठीशी घेऊन तो ओटा नि:शब्दपणे भांडतो, हसतो, एकमेकांची टर उडवतो, आणि मधोमध गोदी असते.

निजामी गेली. कचेरीवरची पाटी बदलली, अर्ज मराठीत लिहिता येऊ लागले. ज्यासाठी पत्रके वाटली ते आमच्या डोळ्यांदेखत झाले. आबा त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले. लिंब आहे. लिंबोळ्या पडतात, बोरूची करकर मला अजून ऐकू येते. पण आबांचा आवाज, ज्या आवाजाने ते चार बोलींच्या माणसांना बोलते करत, तो माझ्या कानांतून निसटत चालला आहे. ‘सांगा’ म्हणताना तो वर चढत असे की उतरत असे, हे मला आता शपथेवर सांगता येणार नाही.

गोदीने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, म्हणून तिचे काही हरवले नाही. परवा ओट्यावर बुजून बसलेल्या एका नव्या पोरीसमोर ती उकिडवी बसली. हनुवटीपासून तिने तळवा पुढे उघडला, थोडा वाकडा, थोडा थरथरता, अगदी आबांच्या अडाणी धाटणीने, आईच्या नव्हे. पोरीचे हात हळूहळू उठले. काळ माणसाचा आवाज आधी नेतो. पण जे हातांच्या हवाली झाले आहे ते न्यायला तो अजून आमच्या ओट्यावर आलेला नाही.